व्हिक्टर पापा रोमियो

६ जुलै २०२४, शनिवार. कोल्हापूर

रात्री साडेदहापासून नुसतं ऐकत बसलो. विमान इस्तंबूलच्या स्टँडवर उभं केलं, इंजिनं बंद ठेवली आणि तिथल्या ग्राउंडची फ्रिक्वेन्सी लावून दिली. आपल्याकडे अंथरुणं पडतात तेव्हा युरोपात संध्याकाळ असते. कामावरून आलेली माणसं कॉम्प्युटरपाशी बसतात आणि आभाळ भरायला लागतं. कुणी वॉर्साला निघालेलं, कुणी अल्जिअर्सहून आलेलं, सगळे आपापल्या घरी खुर्चीवर. कंट्रोलरही घरीच. मध्येच त्याच्यामागे लहान मूल रडलं. त्यानं बटण सोडलं, थोड्या वेळानं पुन्हा दाबलं, आणि तोच सपाट आवाज पुढच्या विमानाला टॅक्सीचा रस्ता सांगू लागला.

व्हॅटसिम नावाचं हे जाळं २००१ पासून चालू आहे. फुकट. पायलट हौशी, कंट्रोलरही हौशी. फक्त कंट्रोलरला परीक्षा देत देत वर चढावं लागतं. आधी ग्राउंड, मग टॉवर, मग ॲप्रोच, मग एका अख्ख्या प्रदेशाचं आभाळ. विमान खोटं, इंधन खोटं, प्रवासी तर नाहीतच. हवामान मात्र त्या विमानतळाचं त्या घटकेचं खरं, आणि आवाज खरे.

विमान मला येतं. गेली काही वर्षं एकटाच उडवतोय, जिथं कंट्रोलर बसलेला नाही असे विमानतळ हुडकून. अशा ठिकाणी १२२.८ ही सगळ्यांची सामायिक फ्रिक्वेन्सी असते. 'अमुक धावपट्टीवरून निघतोय' असं टाइप करून टाकलं की झालं. कंट्रोलरशीसुद्धा टाइप करून बोलायची मुभा आहे. गर्दीच्या वेळी मात्र तो बिचारा टाइप करणार कधी आणि विमानं बघणार कधी! माईक दिवाळीत घेतलाय. अजून खोक्यात आहे.

८ जुलै, सोमवार

गाळप बंद, त्यामुळे कारखान्यातून वेळेवर सुटका होते. आज मात्र पुण्याहून सॉफ्टवेअरवाले आले होते. हिशेब विभागाला समोर बसवून दीड तास इंग्रजीत समजावलं. घसाऱ्याच्या एका नोंदीबद्दल मला विचारायचं होतं. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेला. आमची शाळा मराठी, बी.कॉम. पाठांतरावर. ऐकून सगळं कळतं, वाचून त्याहून जास्त. तोंड उघडलं की समोरचा आधी शाळा ओळखतो आणि मग प्रश्न ऐकतो. निदान मला तसं वाटतं.

रात्री पुन्हा कान लावला. एक पायलट असा काही 'र' घोळवत होता की एरवी त्याचं बोलणं कुणाला उमगलं नसतं. कंट्रोलरला पहिल्या झटक्यात उमगलं. कारण तो काय म्हणणार आहे, कोणत्या क्रमानं म्हणणार आहे, हे आधीच ठरलेलं: कुणाला हाक मारतोय, मी कोण, कुठं आहे, काय हवंय. आमच्या व्हाउचरसारखंच हे. तारीख, खातं, नावे, जमा यांच्या चौकटी छापलेल्या. अक्षर कसंही असो, आकडा आपल्या चौकटीत असला की पोस्टिंग होतं.

वहीत आकड्यांचे उच्चार उतरवून घेतले. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तीनला 'ट्री' म्हणायचं, पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', हजाराला 'टाउसंड'. म्हणजे दातांत जीभ धरून काढायचा तो 'थ', ज्यावरून नववीत सगळा वर्ग हसायचा, तो इथं नियमानंच काढून टाकलाय. सरांना कळवायला पाहिजे होतं.

१४ जुलै, रविवार

शेवटी खोकं उघडलं. माईक लावला आणि दाबोळीहून मुंबईला निघालो.

कॉलसाइन मी मुद्दाम गावचं घेतलंय: व्हिक्टर टँगो किलो पापा रोमियो. व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणी, केपीआर म्हणजे आपण. पहिल्या बोलण्यानंतर कंट्रोलर ते आखडून 'व्हिक्टर पापा रोमियो' करतो. दाबोळीचा टॉवर खऱ्या जगात नौदलाकडे. आज तिथं एक पोरसवदा आवाज होता, बहुधा परीक्षेच्या तयारीतला. त्यानं क्लिअरन्स सांगितला: कुठपर्यंत जायचं, कोणत्या वाटेनं, सुरुवातीला किती उंचीपर्यंत, आणि शेवटी स्क्वॉक, म्हणजे रडारवर आपण ओळखू यावं म्हणून दिलेला चार आकडी कोड. कारखान्याच्या रद्द चलनाच्या पाठीवर लिहून घेतलं. स्क्वॉकमध्ये आठ आणि नऊ कधीच येत नाहीत. शून्य ते सात एवढेच आकडे, म्हणून एकूण कोड ४०९६. त्यातला ७७०० संकटासाठी राखलेला, ७६०० रेडिओ बंद पडला तर, आणि ७५०० अपहरणासाठी. हा ७५०० व्हॅटसिमवर गंमत म्हणूनही लावायचा नाही असा नियम आहे. मला तो पटतो. कुठली नक्कल करायची नाही हे ठरल्याशिवाय नकलेला इभ्रत येत नाही.

घेतलेलं सगळं मग जसंच्या तसं परत म्हणायचं. हाच रीडबॅक. उंची, दिशा, धावपट्टी, हवेचा दाब, स्क्वॉक, 'इथं थांब' हा हुकूम, यांतलं काही गाळायचं नाही. वारा सांगितला तर तो परत म्हणायची गरज नाही. मी चलनावरून वाचून दाखवलं. 'रीडबॅक करेक्ट,' पोरगा म्हणाला. इंग्रजीत बोललेलं माझं वाक्य बरोबर आहे असं आजवर मला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं.

धावपट्टीच्या तोंडाशी 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणायचं. 'टेकऑफ' हा शब्द पायलटनं आधी काढायचाच नाही. परवानगी देताना कंट्रोलर तो काढतो, आणि मग तेवढ्यापुरता आपण परत म्हणतो. हा नियम रक्तानं लिहिलेला आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफच्या धुक्यात केएलएमच्या कप्तानानं परवानगी मिळाली असं समजून ७४७ सोडलं. टॉवरचं 'थांबा, मी सांगतो' हे बोलणं आणि त्याच क्षणी समोरच्या पॅनॲमच्या विमानाचं 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' हे, दोन्ही एकावर एक आदळली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी वाजली. विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच बोलू शकतो, ही त्या रेडिओची मर्यादा आजही तशीच आहे आणि आमच्या खोट्या रेडिओतही ती मुद्दाम ठेवलेली आहे. दोघांनी बटण दाबलं की दोघेही बुडतात. म्हणून बोलण्याआधी ऐकायचं.

मुंबई ॲप्रोचला एक बाई होत्या. पश्चिमेचं वारं, पाऊस, धावपट्टी २७. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते; गर्दी झाली की सगळी कसरत ॲप्रोचवाल्याची. बाईंनी मला बऱ्यापैकी खाली, तेही लवकर यायला सांगितलं. तेवढ्या अंतरात ए-३२० तेवढं खाली येईना. 'अनेबल,' म्हणालो. कारखान्यात चेअरमनसाहेबांना 'जमणार नाही' सांगायचं झालं तर तीन दिवस प्रस्तावना करावी लागते, आणि तरी ते 'बघतो साहेब' असंच बाहेर पडतं. इथं बाईंनी कारणही विचारलं नाही. लगेच पनवेलच्या बाजूनं लांबचा वळसा दिला, वळशात उंची उतरली, मग उत्तरेकडे, मग डावीकडे हेडिंग ट्री झिरो झिरो, क्लिअर्ड आयएलएस रनवे टू सेवन.

माझ्या पुढचं विमान उतरलं आणि धावपट्टीवरच थांबून राहिलं. बाहेर कुठून पडायचं ते त्याला कळत नसावं. टॉवरनं त्याला दोनदा सांगितलं आणि मग मला 'गो अराउंड'. थ्रॉटल पुढं ढकलले, चाकं आत घेतली, 'गोइंग अराउंड' म्हणालो. त्या नवख्याला कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. टॉवरनं त्याला एकेक वळण सांगत स्टँडपर्यंत पोचवलं आणि मधल्या फटींत आम्हा उरलेल्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या खेपेला उतरलो.

आतून ही म्हणाली, 'अहो, कुणाशी भांडताय?' आवाज चढला होता म्हणे.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

सुट्टी. साबुदाणा, रताळी, दुपारी टीव्हीवर पंढरपूर. संध्याकाळी चरखी दादरीचं वाचत बसलो. ती बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. विमानं आदळली एवढंच तेव्हा कळलं होतं.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदीचं ७४७ वर चढत होतं, शिमकेंटहून येणारं कझाकस्तानचं इल्युशिन-७६ खाली उतरत होतं. वाट एकच, दिशा उलट. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलेलं, कझाकला १५ हजारांवर. कंट्रोलरनं कझाक विमानाला समोरून ७४७ येतंय हेही सांगितलं, अंतरासकट. कझाक विमान १५ हजारांच्या खाली आलं. ३४९ माणसं, दोन्ही विमानांतली सगळी.

त्या वेळच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. पायलट सांगेल ती खरी. आणि कझाक विमानात कंट्रोलरशी बोलायचं काम पायलटकडे नव्हतंच. त्यासाठी वेगळा रेडिओ ऑपरेटर. तो इंग्रजीतून ऐकायचा आणि उडवणाऱ्यांना सांगायचा. उंची बघायची तर त्याला पायलटांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. लाहोटी आयोगानं पुढे हे सगळं उकरलं. टक्कर टाळण्याची सूचना देणारं यंत्र विमानात असलंच पाहिजे, अशी सक्ती भारतानं त्यानंतर केली. आणि पायलट-कंट्रोलर यांना इंग्रजी किमान चौथ्या पातळीचं यावं, सहापैकी, हा आंतरराष्ट्रीय नियम मार्च २००८ पासून आला, त्यामागेही हा अपघात होता.

'त्यांना इंग्रजी येत नव्हतं' असं म्हणून लोक हा विषय मिटवतात. मला त्यात तो मधला माणूस खटकतो. त्याला शब्द कळले असतील, बहुतेक कळलेच होते. पण ज्याच्या हातात दांडा, त्याच्या तोंडून ते परत आले नाहीत. आज उपासानं डोकं दुखतंय, म्हणून असेल, पण हे मनातून जात नाही.

१९ जुलै, शुक्रवार

आज जगभर कॉम्प्युटर बसले. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटनं घोळ केला म्हणतात. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्यांचे फोटो दिवसभर फिरत होते. खरी विमानं अडकून पडलेली, आणि आमची खोटी वेळेवर. साहेब म्हणाले, 'बघा, म्हणून आपण अजून खतावणी छापून ठेवतो.'

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

पहाटे लवकर उठून अमेरिकेत उडवलं, त्यांची शनिवारची संध्याकाळ. गर्दी अफाट, आणि बोलणं मशीनगनचं. कंट्रोलर एका दमात चार विमानांना उरकत होता. निम्मे शब्द गिळलेले, मध्येच त्यांची आपसातली लकब. 'डेसिमल' म्हणायचं तिथं 'पॉइंट', तेही अर्धवट. मी 'से अगेन, स्लोली' म्हणालो. त्यानं सांगितलं, हळू. राग नाही, काही नाही.

एक गोष्ट या पंधरा दिवसांत पक्की कळली. या आभाळात सगळ्यांत सोपं इंग्रजी त्यांचं, ज्यांची ती आई नाही. तुर्क, इंडोनेशियन, पोलिश, आपले लोक. सगळ्यांनी ती पुस्तकातून घेतलेली, म्हणून सगळे पुस्तकाप्रमाणे बोलतात. ज्याच्या घरात ती जन्मली त्याला तिच्याशी खेळावंसं वाटतं. चौथी पातळी आमच्यासाठी आहे. त्यांच्यासाठी हळू बोलण्याची एखादी पातळी ठेवली असती तर बरं झालं असतं.

तरी दोष नुसता ऐकणाऱ्याचा किंवा नुसता बोलणाऱ्याचा असं क्वचितच असतं. जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कबाहेर आव्हियांका ५२ हे कोलंबियाचं ७०७ वाईट हवामानात एक तासाहून अधिक घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलंय असं ते म्हणाले, प्राधान्य द्या असंही म्हणाले. 'इमर्जन्सी' म्हणाले नाहीत, 'मेडे' म्हणाले नाहीत. कंट्रोलरनं, ज्याच्या कानावर रोज पन्नास जण 'इंधन कमी आहे' म्हणत असणार, त्यांना रांगेत ठेवलं. चारही इंजिनं विझली आणि विमान लाँग आयलंडच्या टेकडीवर पडलं. १५८ पैकी ७३ गेले. मला वाटतं, त्या कॉकपिटमध्ये कुणाला तरी भीड वाटली असणार. एवढा मोठा देश, एवढा घाईचा आवाज, आणि आपण त्याला थांबवायचं. ही भीड मी ओळखतो. ती पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांसमोरही वाटते, फक्त तिथं टेकडी नसते.

सरांच्या घरी पेढे देऊन आलो. ते आता ऐकू येत नाही म्हणतात.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडलीय. २०१९ आणि २०२१ बघितल्यावर गावाला आता फुटांची आणि इंचांचीच भाषा येते. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा तासातासाला मोबाईलवर, आणि तो हातोहात बदलतो. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर त्रेचाळीस सात असलेला आकडा बघता बघता सत्तेचाळीस झाला. मधल्या कुणीतरी इंच आणि फूट एका घासात गिळले. दोन घरांनी सामान बांधायला घेतलं.

शिरोळच्या पाहुण्याला फोन केला. तिकडं कोणता रस्ता बंद, जनावरं कुठं हलवली, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणालो, आता आपलं काय ठरलं ते परत सांग बघू. 'खुळा झालास काय रं?' म्हणाला. पण सांगितलं. आणि सांगताना त्याच्या ध्यानात आलं की ट्रॉली आणायची कुणी हे ठरलंच नव्हतं.

रात्री थोडा वेळ बसलो होतो. ॲप्रोचमध्येच वीज गेली. नेट गेलं की रडारवरून विमान पुसलं जातं, कंट्रोलरला वाटतं हा कुठं गेला. वीज रात्रभर आली नाही.

२८ जुलै, रविवार

पुतण्या पुरामुळे होस्टेलवरून आलाय. डिप्लोमाला आहे. मागं उभा राहून तासभर ऐकलं आणि म्हणाला, 'काका, मुंबईत बसलाय तो मराठी, तुम्ही कोल्हापूरचं. मग ह्यात इंग्रजी कशाला ओ? सरळ मराठीत बोला की.'

चेष्टेवारी विचारलं असेल, पण प्रश्न खोटा नाही. नियमही आड येत नाही. जमिनीवरच्या केंद्राची नेहमीची भाषा किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं असंच आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. पॅरिसला फ्रेंच पायलट फ्रेंचमध्ये बोलतात, व्हॅटसिमच्या पॅरिसलाही. क्युबेकमध्ये आभाळात फ्रेंच बोलायची की नाही यावरून १९७६ मध्ये कॅनडाचे पायलट संपावर गेले, विमानं बंद पडली, सरकार हललं. आणि शेवटी फ्रेंच आली. ज्यांनी हे भांडण केलं त्यांना मी खुळं म्हणणार नाही. आपल्या गावच्या आभाळात आपली भाषा असावी असं कुणाला वाटणार नाही? मलाही वाटतं. 'मुंबई टॉवर, कोल्हापूरकर बोलतोय, उतरायला परवानगी द्या', हे मी एकदा बाथरूममध्ये म्हणून बघितलंय. भारी वाटतं.

पण पुतण्याला हेडफोन दिला आणि म्हणालो, आता माझं सोड, बाकीच्यांचं ऐक. रियाधहून आलेला एक, कोलंबोचा एक, दिल्लीचा एक. कोलंबोवाल्याला मी कुठं आहे हे कुणी सांगितलेलं नाही. त्यानं माझं बोलणं चोरून ऐकलंय, तसं मी त्याचं. फ्रिक्वेन्सीवर बोललेला प्रत्येक शब्द दोघांत असतो आणि कानावर मात्र सगळ्यांच्या पडतो, आणि त्यातूनच प्रत्येक पायलट डोक्यात चित्र काढत जातो. मी मराठीत बोललो तर कोलंबोवाल्याच्या चित्रातून मी गायब. २५ मे २००० ला पॅरिसलाच असं झालं. प्रवासी एमडी-८३ ला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये दिली, आणि त्याच धावपट्टीवर अर्ध्यातून शिरणाऱ्या ब्रिटिश मालवाहू विमानाशी इंग्रजीत बोलणं झालं. ते प्रवासी विमान उडतंय हे इंग्रजांना कळायचा मार्ग नव्हता. एमडी-८३ चा पंख त्यांच्या कॉकपिटला लागला, सहवैमानिक गेला. कारणं इतरही होती, कंट्रोलरचा अंदाज चुकला होता. पण ऐकून सावध होण्याची शेवटची संधी भाषेनं घालवली.

पुतण्याला पटलं असं नाही. म्हणाला, 'मग त्या कोलंबोवाल्यानंच मराठी शिकावं.' त्याचा जोर मला आवडला.

आपले कंट्रोलर तसे हातचं राखून बोलत नाहीत. खऱ्या मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर असतो तसा आमच्यातही 'नमस्कार' चालतो. एक शब्द, त्यानं कुणाचं चित्र बिघडत नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य! ५० मीटर रायफल, थ्री पोझिशन. राधानगरीतल्या कांबळवाडीचा पोरगा. कारखान्यात पेढे, गावात फटाके, चिखलातच. रात्री नागपूरहून मुंबईला आलो. उतरून इंजिनं बंद केली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात टॉवरवाल्याचा खासगी संदेश: 'कोल्हापूरचं पदक! अभिनंदन भावा.' कॉलसाइनवरून ओळखलं. फ्रिक्वेन्सीवर दोघांनी एक अक्षर मराठी काढलं नव्हतं. मग अर्धा तास टाइप करत बसलो. तो नाशिकचा. विचारलं, कंट्रोलर व्हायला किती दिवस लागले? म्हणाला, शिकवणाराही हौशी असतो, त्याला वेळ होईल तसं. पुस्तक एका महिन्यात होतं. कान तयार व्हायला जास्त.

९ ऑगस्ट, शुक्रवार

केशवराव भोसले नाट्यगृह काल रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं. आज केशवरावांची जयंती. सकाळी बघून आलो. सिम्युलेटर लावला नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

बंगळूरहून मुंबई, फ्लाइट लेव्हल ३४०. आज मुंबई कंट्रोलला एकच माणूस बसलेला. वरचा एकटा असला की खालचं सगळं त्याच्याच अंगावर येतं, म्हणजे मुंबईचं ग्राउंडही तोच आणि पुण्याचा टॉवरही तोच. बेळगाव मागं टाकलं तोच फ्रिक्वेन्सीवर एक कोवळा आवाज आला. कोल्हापूरला उभा, मुंबईला जायचंय, क्लिअरन्स द्या. मुंबई गप्प. पुन्हा तोच. मुंबई गप्पच.

मला दोघेही ऐकू येत होते. रेडिओची लाट सरळ जाते, म्हणून आमच्या खोट्या रेडिओतही अंतर आणि उंची यांचा हिशेब धरलेला असतो. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, चाकं टेकून उभ्या असलेल्या विमानाचा आवाज मुंबईपर्यंत जात नव्हता, आणि मुंबईचा त्याच्यापर्यंत. माझ्यापर्यंत दोन्ही, कारण मी ३४ हजार फुटांवर त्याच्या जवळजवळ डोक्यावर होतो.

मुंबईला सांगितलं, कोल्हापूरला एक जण तुम्हाला हाका मारतोय. थोडा वेळ शांतता. मग: 'व्हिक्टर पापा रोमियो, कॅन यू रिले?'

'अफर्म.'

त्यानं क्लिअरन्स सांगितला. मी चलनावर लिहिला आणि आधी त्यालाच परत म्हणून दाखवला. बरोबर आहे म्हणाला. मग बटण दाबून खाली सांगितलं: वाट, सुरुवातीला फ्लाइट लेव्हल वन टू झिरो, स्क्वॉक. शब्दांच्या मध्ये जागा सोडून. पोरगा घाबरलेला होता. वाट बरोबर म्हणाला, स्क्वॉक बरोबर म्हणाला, आणि लेव्हल म्हणाला वन झिरो झिरो.

'निगेटिव्ह,' मी म्हणालो. 'फ्लाइट लेव्हल वन टू झिरो. रीड बॅक.'

या वेळी एकेक आकडा वेगळा आला. वन. टू. झिरो.

'रीडबॅक करेक्ट.'

मुंबईला कळवलं. त्याचा निरोप आला, हवेत आल्यावर थेट बोलायला सांगा. तोही खाली पोचवला आणि परत म्हणून घेतला. पुण्याच्या अलीकडे मी उतरणीला लागलो तेव्हा त्या पोराचा आवाज मुंबईला स्वतःहून पोचला: चढतोय, फ्लाइट लेव्हल वन टू झिरोला. मुंबईनं त्याला रडारवर धरलं.

पुतण्या शेजारी स्टुलावर बसून ऐकत होता. म्हणाला, 'काका, तो पोरगा कुठला असंल ओ? विचारा की.'

विचारायला फ्रिक्वेन्सी मोकळी नव्हती. दोहाहून आलेला एक जण माझ्यामागं उतरायच्या रांगेत लागला होता, आणि मला वेग कमी करायचा हुकूम आला होता.